पंडिता रमाबाई : स्वतःच्या श्रद्धेची कठोर परीक्षक

शारदीय नवरात्रास प्रारंभ झाला की गिरगाव चौपाटीलगतच्या गावदेवीच्या देवळाकडे पहाटेपासून सुवासिनींची रीघ लागते. ओटीची ताटे, खणानारळ, झेंडूच्या माळा आणि आरतीचा घंटानाद यांनी तो सारा परिसर भरून जातो. ज्या देवीवरून या वस्तीला नाव मिळाले तिच्या दर्शनास जाताना याच गावदेवीतील एका रस्त्यावरची पाटी मात्र आपल्यापैकी फार थोड्यांच्या नजरेत भरत असेल. त्या रस्त्याचे नाव पंडिता रमाबाई मार्ग असे आहे. तेथून जवळच असलेल्या चौपाटीवर ११ मार्च १८८९ रोजी या विदुषीने विधवा व निराधार स्त्रियांसाठी एक विद्यागृह उघडले आणि त्यास शारदासदन असे नाव दिले.

नवरात्रात मूळ नक्षत्रावर सरस्वतीचे आवाहन करावे, विजयादशमीस पाटीपूजन करावे, ही आपली परंपरा आहे. या दिवसांत शारदेच्या नावाने उघडलेल्या त्या सदनाचे स्मरण करणे अप्रस्तुत होणार नाही. तथापि वाचकांपैकी काहींच्या मनात एक शंका उभी राहील, हे आम्ही जाणून आहोत. रमाबाईंनी तर हिंदू धर्माचा त्याग केला होता. त्यांची कथा देवीच्या उत्सवात, या पानावर कशासाठी? शंका रास्त आहे आणि तिला बगल देण्याची आमची इच्छा नाही. रमाबाईंनी जो धर्म स्वीकारला तो आमचा नव्हे. त्यांनी आपल्या शास्त्रांवर केलेली टीका सर्वांशाने मान्य करावी असाही आमचा आग्रह नाही. परंतु आपण मानतो तो देव आपल्या अंतःकरणात खरोखर आहे की केवळ आपल्या आचारात आहे, हा प्रश्न या बाईंनी आयुष्यभर स्वतःला ज्या कठोरपणे विचारला, तो कोणत्याही धर्माच्या भाविकाने विचारावा असाच आहे. त्यांच्या चरित्राचा हा धागा आज वाचकांपुढे ठेवावा, असे आम्ही योजिले आहे.

अरण्यातील पाठशाळा

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी पश्चिम घाटातील गंगामूळ या अरण्यस्थानी झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन ब्राह्मण, शास्त्रसंपन्न आणि निस्सीम वैष्णव होते. विद्यार्थिदशेत पुण्यास असताना पेशव्यांच्या घरातील एक स्त्री संस्कृत शिकते आहे, असे त्यांच्या पाहण्यात आले. तेव्हापासून आपल्या पत्नीसही देववाणी शिकवावी, ही इच्छा त्यांच्या मनात रुजली. पहिल्या पत्नीच्या बाबतीत घरच्यांच्या विरोधामुळे ती सफल झाली नाही. पुढे दुसऱ्या पत्नी लक्ष्मीबाई यांना त्यांनी संस्कृत शिकविले. त्याबद्दल त्यांना उडुपी येथे पंडितांच्या सभेपुढे उत्तर द्यावे लागले, आणि स्त्रियांनी संस्कृत काव्य-पुराणे वाचण्यास शास्त्राची आडकाठी नाही, असे त्यांनी आधार काढून दाखविले. मग भर अरण्यात घर बांधून ते विद्यादान करू लागले.

रमा सहा महिन्यांची असताना हे कुटुंब अरण्य सोडून तीर्थयात्रेस निघाले. वेताच्या पेटीत निजवून त्या तान्ह्या मुलीस डोंगरावरून खाली आणण्यात आले. पुढील सोळा-सतरा वर्षे या तीर्थाहून त्या तीर्थास, या देवळाहून त्या देवळास, असाच त्यांचा संसार चालला होता. देवळाच्या आवारात अनंतशास्त्री पुराण सांगत. श्रोते जी दक्षिणा, धान्य वा वस्त्र ठेवतील त्यावर निर्वाह होई आणि उरेल ते दानधर्मात जाई. कोणाची चाकरी करावयाची नाही, असा त्यांचा नेम होता. वडील वृद्ध झाल्यामुळे मुलीच्या अध्ययनाचा भार आईने उचलला. पहाटेच्या अंधारात मांडीवर घेऊन ती माउली मुलीकडून श्लोक म्हणवून घेई. अशा रीतीने भागवताचे १८,००० श्लोक रमेस बालवयातच मुखोद्गत झाले. ज्या मुलीच्या कानावर जागेपणाचा पहिला शब्द देवाचाच पडला, ती पुढे देवाविषयी एवढ्या शंका काढील असे त्या माउलीच्या स्वप्नीही आले नसेल.

दुष्काळाची कसोटी

१८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यात दुष्काळ पडू लागला. हे कुटुंब तेव्हा दक्षिणेतच होते. साठविलेला पैसा देवकार्यात व दानात वेचलेला होता आणि श्रमाची चाकरी करण्याची सवय कोणास नव्हती. भिक्षा मागणे लाजिरवाणे वाटे. देव प्रसन्न होईल या भरवशावर त्यांनी उपोषणे केली, जप केले, मूर्तीपुढे दिवस काढले. अखेर भांडी गेली, दागिने गेले आणि रानातील पाने खाऊन राहण्याची पाळी आली. तिरुपतीच्या परिसरातील रानात अनंतशास्त्र्यांनी जलसमाधी घेण्याचा निश्चय केला. तेव्हा पुत्र श्रीनिवास याने अभिमान सोडून मोलमजुरी करण्याची तयारी दाखविली आणि पित्यास परावृत्त केले. पण त्या वृद्धाच्या देहात त्राण उरले नव्हते. अंतकाळी त्यांनी सर्वांत धाकट्या व लाडक्या मुलीस जवळ घेतले, ईश्वराच्या हाती सोपविले आणि जन्मभर त्याचीच सेवा करण्यास सांगितले.

त्यानंतर काही महिन्यांत आई गेली, पुढे थोरली बहीणही गेली. आईस स्मशानात नेण्यास चार खांदेकरी मिळेनात. दोन ब्राह्मणांस दया आली. तिसरा श्रीनिवास आणि चौथी रमा. उंचीने ठेंगणी असल्यामुळे तिचा खांदा इतरांच्या खांद्यास पुरेना, म्हणून मातेच्या तिरडीचा भार तिने डोक्यावर घेतला.

हे दोघे भावंडे त्यानंतर सहस्रावधी मैल पायी हिंडली. कडाक्याच्या थंडीत रात्री काढण्यास आडोसा नसे, कित्येक दिवस मूठभर धान्यावर जात. तरीही त्यांनी व्रते सोडली नाहीत. परंतु मनात एक प्रश्न डोकावू लागला होता. विधी बिनचूक केले, दाने केली, उपवास केले, तरी फळ का नाही? आम्हास वाटते, हा प्रश्न अश्रद्धेचा नव्हता. तो फार खोल श्रद्धेचा होता, म्हणूनच तो इतका झोंबला. आणि तो विचारण्याची त्या मुलीची रीतही ध्यानात घेण्याजोगी आहे. तिने देवाकडे फळाचा हिशेब मागितला होता. पुढे हाच हिशेब तिने स्वतःकडे मागितला.

पंडिता आणि सरस्वती

१८७८ साली बहीणभाऊ कलकत्त्यास पोहोचले. अवघ्या वीस वर्षांची ही मुलगी संस्कृतात अस्खलित बोलते, भागवत मुखाने म्हणते, हे पाहून तेथील विद्वान थक्क झाले. त्यांनी तिची परीक्षा घेतली आणि पंडिता व सरस्वती या पदव्यांनी तिचा गौरव केला. स्त्रियांपुढे धर्मावर व्याख्याने देण्यासाठी तिने धर्मशास्त्राचे ग्रंथ नव्याने अभ्यासले. ब्राह्मसमाजाचे केशवचंद्र सेन यांनी तिला वेदाची प्रत देऊन तो वाचण्याचा आग्रह केला. स्त्रीस वेदाधिकार नाही असेच ती तोवर ऐकत आली होती. हे सारे वाचीत असता मोक्षाच्या वाटेवर स्त्रीला स्वतंत्र स्थान नाही, असे तिचे मत होत गेले. हे मत सर्वांशी न्याय्य आहे असे आम्ही म्हणणार नाही. मुक्ताबाई, जनाबाई, बहिणाबाई यांची महाराष्ट्रातील परंपरा त्याला उत्तर देण्यास उभी आहे. परंतु तत्कालीन विधवेची दशा पाहता तो प्रश्नच खोटा होता, असेही म्हणता येणार नाही.

ख्रिस्ती उपासना रमाबाईंनी प्रथम पाहिली ती कलकत्त्यातच. तेथे जमलेली मंडळी खुर्च्यांपुढे गुडघे टेकून डोळे मिटून काही म्हणत होती. मूर्ती दिसेना, तेव्हा हे लोक खुर्च्यांचीच पूजा करीत असावेत, असा या देवळात वाढलेल्या मुलीचा समज झाला. परक्याचा धर्म बाहेरून कसा दिसतो याचे हे बोलके उदाहरण आहे. आपल्या देवघराकडे पाहणाऱ्या परक्यालाही असाच काही भ्रम होत नसेल काय?

१८८० साली ढाक्यास श्रीनिवासाचा अंत झाला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. जातीबाहेरच्या या विवाहाने दोन्हीकडचे लोक दुरावले. कन्या मनोरमा हिचा जन्म १८८१ मधला. फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीच्या आजाराने पती निवर्तले. तेवीस वर्षांची विधवा पदरात तान्ही मुलगी घेऊन त्याच वर्षी पुण्यास आली. तेथे तिने आर्य महिला समाज स्थापन केला, ‘स्त्रीधर्मनीती’ हे पुस्तक लिहिले आणि त्याच्या उत्पन्नातून इंग्लंडच्या प्रवासाचा खर्च उभा केला.

बाप्तिस्मा आणि वाद

१८८३ साली रमाबाई इंग्लंडात वाँटेज येथील सेंट मेरीच्या भगिनीमंडळाकडे उतरल्या. वैद्यकी शिकावी असा हेतू होता, पण कानांनी कमी ऐकू येत असल्यामुळे तो तडीस गेला नाही. प्रस्थानापूर्वी आपण धर्मांतर करणार नाही, असे त्यांनी सांगितले होते. मग मन कशाने वळले? नीळकंठशास्त्री गोऱ्हे यांच्या लेखनाचा व पत्रांचा वाटा त्यात होताच. हे शास्त्रीबोवा स्वतः काशीत वाढलेले चित्पावन पंडित असून ख्रिस्ती झालेले होते. पण खरा परिणाम लंडनजवळील फुलम येथील आश्रमभेटीने झाला. समाजाने पतित म्हणून टाकलेल्या स्त्रियांची तेथे भगिनी मायेने सेवा करीत होत्या. अशा स्त्रियांना कोणी जवळ करते, हे रमाबाईंनी पूर्वी कोठे पाहिले नव्हते. त्यामागचे कारण विचारता त्यांना विहिरीकाठी येशू व शोमरोनी स्त्री यांची झालेली भेट सांगण्यात आली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाई व चिमुकली मनोरमा यांचा बाप्तिस्मा झाला.

महाराष्ट्रात या वार्तेने खळबळ उडाली. लोभाने गेली, मोहाने गेली, परक्यांच्या भूलथापांस बळी पडली, असे नाना तर्क झाले. परंतु इंग्लंडात काय चालले होते ते पाहिले म्हणजे या तर्कांतील फोलपणा कळतो. ज्यांच्या अन्नावर त्या होत्या त्यांच्याशीच त्यांनी वाद मांडला. त्रैक्याचे तत्त्व बुद्धीस पटल्यावाचून मान्य करण्यास त्यांनी नकार दिला. धर्मगुरूंची आज्ञा हीच देवाची आज्ञा, हे त्यांना कबूल नव्हते. गळ्यातील क्रुसावर लॅटिन अक्षरे कशासाठी, आपल्या देशबांधवांना कळेल अशी भाषा त्यावर का नसावी, असे त्या विचारीत. मांस त्यांनी वर्ज्य केलेच होते, आणि अंडे घातलेला गोड पदार्थही त्यांच्या पानात चालत नसे. त्यावर जातीचा अभिमान अजून गेला नाही, असा ठपका त्यांच्या गुरुभगिनीने ठेवला. म्हणजे पुण्यात त्यांना ख्रिस्ती म्हणून नावे ठेवीत होते आणि वाँटेजला अजून पुरती ख्रिस्ती झाली नाही म्हणून. दोन्हीकडचे परीक्षक बाहेरची खूण पाहत होते. पान कसले, वेष कसला, शब्द कोणाचे! आतील परीक्षा घेणारे कोणी नव्हते. ती पुढे त्यांनी स्वतःच घेतली.

चौपाटीवरील सदन

१८८६ साली डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभास उपस्थित राहण्यासाठी रमाबाई अमेरिकेत गेल्या. तेथे त्यांनी उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजी ग्रंथ लिहिला आणि गावोगाव व्याख्याने दिली. डिसेंबर १८८७ मध्ये बोस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन होऊन दहा वर्षे साहाय्य देण्याचे अभिवचन मिळाले. १८८९ च्या प्रारंभी त्या मुंबईस परतल्या आणि पाठोपाठ चौपाटीवर शारदासदन सुरू झाले.

या सदनात धर्मशिक्षण द्यावयाचे नाही, प्रत्येकीस आपला धर्म व आचार पाळण्याची मोकळीक राहील, असे ठरले होते. न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर यांसारखे प्रार्थनासमाजाचे धुरीण सल्लागार होते. सदनातील विधवा पूजा करीत, उपवास करीत, सोवळेओवळे सांभाळीत. स्वतः ख्रिस्ती असलेल्या संचालिकेने या आचारांस धक्का लावला नाही. पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई ही आठव्या वर्षी विधवा झालेली कोकणस्थ मुलगी होती. तिचे बंधू नरहरपंत जोशी यांनी तिला येथे आणले. शारदासदन उघडल्याला बरोबर चार वर्षे झाली त्या दिवशी, ११ मार्च १८९३ रोजी, तिचा पुनर्विवाह धोंडो केशव कर्वे यांच्याशी झाला. तीच आनंदीबाई ऊर्फ बाया कर्वे. हिंगण्याच्या आश्रमासाठी पुढे तिने गावोगाव वर्गणी जमविली. चौपाटीच्या त्या सदनातून निघालेला हा विद्येचा ओघ असा हिंदू समाजातच वाहत राहिला, याची नोंद आपण कृतज्ञतेने घेतली पाहिजे. मुंबईतील खर्च परवडेना म्हणून नोव्हेंबर १८९० मध्ये सदन पुण्यास हलविण्यात आले.

अंतरीचा झाडा

आता आम्ही या चरित्राच्या गाभ्याशी आलो. १८९१ साल. बाप्तिस्म्यास आठ वर्षे लोटली होती. रमाबाईंची कीर्ती सातासमुद्रांपलीकडे पोहोचली होती, हाती काम होते, पाठीशी धन होते. नवधर्माच्या लोकांत त्यांचे नाव आदर्श म्हणून घेतले जाई. अशा वेळी त्यांच्या मनाला शांती नव्हती. हॅस्लम नावाच्या एका इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मचरित्र याच सुमारास त्यांच्या वाचनात आले. हा गृहस्थ कित्येक वर्षे लोकांस उपदेश करीत होता आणि एके दिवशी स्वतःचेच प्रवचन चालू असता, आपण जे सांगतो ते आपल्यास अद्याप लाभलेले नाही, हे त्यास उमगले.

त्या कथेत रमाबाईंना आपलाच चेहरा दिसला. त्यांनी मनाचा झाडा घेतला. आपण ख्रिस्ती धर्म का स्वीकारला? त्याची तत्त्वे चांगली वाटली म्हणून, पतितांविषयीची त्याची करुणा भावली म्हणून, तौलनिक अभ्यासात तो सरस ठरला म्हणून. हे सारे खरे होते. पण हा झाला धर्माचा स्वीकार. ज्या येशूच्या नावाने तो धर्म उभा आहे, त्याला आपण शरण गेलो काय? या प्रश्नास त्यांना प्रामाणिकपणे होय म्हणता येईना. त्यांच्या ध्यानी आले की आपणास ख्रिस्ती धर्म सापडला, ख्रिस्त मात्र सापडलेला नाही. तीर्थाचे माहात्म्य तोंडपाठ असावे आणि तीर्थात पाऊल मात्र पडलेले नसावे, तशी त्यांची अवस्था झाली होती. पूर्वी व्रतांच्या पुण्याईवर भिस्त होती, आता सत्कार्याच्या पुण्याईवर होती. नाव बदलले, गाव बदलले, पण हिशेबाची वही तीच राहिली. ती वही मिटून, आहे तशी ईश्वराच्या पायी पडणे एवढेच बाकी होते. ते त्यांनी केले आणि त्यानंतर आपणास शांती लाभली, असे त्यांचे सांगणे आहे.

हा शोध त्यांनी गुप्त ठेवला असता तर कोणास कळले नसते. पण १९०७ साली लिहिलेल्या आत्मनिवेदनात त्यांनी तो जगापुढे मांडला. या कबुलीची किंमत काय होती, याचा वाचकांनी विचार करावा. ज्या धर्मांतरापायी त्यांनी आप्त, मित्र, समाज, सारे गमावले, त्या धर्मांतरात प्राण नव्हता, असे त्या स्वतःच सांगत होत्या. टीकाकारांच्या हाती याहून धारदार शस्त्र कोणते? आणि ज्यांनी त्यांना बाप्तिस्म्यापर्यंत आणले त्यांच्या मनास काय वाटले असेल? तरीही त्यांनी लिहिले. जी विद्वान स्त्री वादात पंडितांस व धर्मगुरूंस हार गेली नाही, ती आपल्या अंतःकरणापुढे हार गेली, आणि तसे सांगण्यात तिला कमीपणा वाटला नाही.

आपल्या भक्तिमार्गास ही गोष्ट अपरिचित नाही. टिळा व माळ निराळी आणि भाव निराळा, हे आपल्या संतांनी परोपरीने सांगितले आहे. शास्त्र जाणणे म्हणजे देव जाणणे नव्हे, हेही त्यांचेच सांगणे. रमाबाईंची वाट निराळी झाली. पण शरणागतीवाचून भक्ती नाही, या ठिकाणी त्यांचे पाऊल अनंतशास्त्र्यांच्या पावलावरच पडले, असे आम्हास वाटते.

वादळ आणि मुक्ती

या बदलाचा परिणाम लपून राहणारा नव्हता. रमाबाई आपल्या खोलीत मनोरमेसह प्रार्थना करीत, ती दार न लावता करीत. काही मुली आपण होऊन तेथे येऊन बसू लागल्या. १८९३ साली यावरून मोठे वादळ उठले. केसरीने कडक टीका केली, रानडे व भांडारकर यांनी सल्लागारपद सोडले आणि पालकांनी पंचविसाच्या आसपास मुली काढून नेल्या. पालकांची भीती निराधार होती, असे म्हणता येत नाही. पुढे सदनातील काही मुलींनी ख्रिस्ती धर्म स्वीकारलाही. विश्वासाने मुली पाठविणाऱ्यांस तो आघात वाटला, हे समजण्याजोगे आहे. उलट, आपण कोणास शिकवीत नाही, पण आपल्या देवाची प्रार्थना दार लावून चोरून करणार नाही, ही रमाबाईंची भूमिका होती. दोन्ही बाजू नजरेसमोर ठेवूनच या प्रकरणाचा निवाडा करावा, हे उचित होय. त्याच बरोबर एक प्रश्न आपण आपल्यालाही विचारला पाहिजे. त्या बालविधवांना त्या वेळी आसरा देण्यास आपल्यापैकी किती घरांची दारे उघडी होती?

१८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून उपाशी मुलींच्या वार्ता येऊ लागल्या. अंगाच्या कातड्यास हाडे टेकलेल्या त्या मुली पाहून रमाबाईंना दक्षिणेतले ते रान, ती पाने, वडिलांचा तो अखेरचा स्पर्श आठवला. त्यांनी सुमारे ३०० मुली व स्त्रिया आणल्या. पुण्यात तेव्हा प्लेगच्या निर्बंधांमुळे त्यांस ठेवता येईना, म्हणून दौंडच्या वाटेवरील केडगाव येथे घेतलेल्या जमिनीवर झोपड्या उभारल्या. तेच मुक्तिसदन. येथे ख्रिस्ती धर्माचा प्रसार उघडपणे होई, त्यात लपवाछपवी नव्हती. १९०० च्या गुजरातेतील दुष्काळानंतर तेथील संख्या दोन हजारांच्या घरात गेली. विणकाम, शेती, दूधदुभते, छापखाना अशी कामे स्त्रिया शिकल्या. अंध मुलींना बोटांनी वाचण्यास शिकविले गेले. जी मुले-माणसे कोणास नको होती त्यांना तेथे जागा मिळाली. फुलमच्या आश्रमात जे पाहून रमाबाईंचे मन हलले होते, तेच त्यांनी केडगावच्या माळावर हजारपटीने उभे केले.

उतारवयात त्यांनी हिब्रू व ग्रीक या भाषा शिकून बायबलाचे सोप्या मराठीत भाषांतर हाती घेतले. खिळे जुळविण्यापासून बांधणीपर्यंतचे काम आश्रमातील स्त्रियांनी केले. क्रुसावर आपल्या लोकांची भाषा हवी म्हणून तरुणपणी हट्ट धरणाऱ्या रमाबाईंनी तो हट्ट अशा रीतीने पुरा केला. जुलै १९२१ मध्ये एकुलती एक कन्या मनोरमा कालवश झाली. हा घाव सोसूनही त्यांनी भाषांतर तडीस नेले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे त्यांनी देह ठेवला. केडगावची संस्था त्यांच्या मागेही चालू राहिली. १९८९ साली भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले.

नवरात्रीचा प्रश्न

वाचकहो, नवरात्र हे केवळ नऊ दिवसांच्या उपवासाचे पर्व नव्हे. घटात पेरलेले धान्य दिवसागणिक वर येते की नाही, हे आपण रोज सकाळी कौतुकाने पाहतो. बी कुजले असेल तर वरून कितीही माळा चढविल्या तरी अंकुर दिसत नाही. आपल्या भक्तीचेही तसेच आहे. सप्तशतीचा पाठ पुरा झाला, अखंड दीप तेवत राहिला, ओटी भरली, कुमारिकांचे पूजन झाले. हे सारे मंगल आहे आणि ते सोडावे असे आम्ही मुळीच सुचवीत नाही. परंतु यातील कितीसे देवीपर्यंत पोहोचले आणि कितीसे आपल्याच समाधानाच्या वहीत जमा झाले, हे वर्षातून एकदा तरी पाहावयास नको काय? कुमारिकेचे पाय धुताना घरातील सुनेच्या डोळ्यांतील पाणी आपणास दिसते काय? दारी आलेल्या निराधार बाईस आपण कोणती जागा देतो?

ही कसोटी दुसऱ्यास लावणे सोपे असते. रमाबाईंच्या काळी अनेकांनी ती त्यांना लावली. त्यांनी मात्र ती आधी स्वतःस लावली, आणि तीही कीर्ती ऐन भरात असताना, जेव्हा ती लावण्याची गरज इतर कोणासही दिसत नव्हती. त्यांनी निवडलेली वाट आपली नसेल, पण त्यांच्या हातातला तो दिवा आपल्या देवघरातही उजेड पाडील.

गावदेवीच्या दर्शनास जाल तेव्हा त्या पाटीकडे क्षणभर पाहावे. मरणोन्मुख पित्याने ईश्वराच्या हाती सोपविलेली एक मुलगी, आपण खरोखर त्या हाती पोहोचलो की नाही, हे जन्मभर तपासीत राहिली. जगदंबा आपणा सर्वांस तेवढी सचोटी देवो, हीच या पर्वकाळी आमची प्रार्थना.